भिगवणची मोजणी

संधिवात हा एक आजार नसून सांधे, स्नायू, कंडरा आणि त्यांच्याभोवतीच्या ऊतींना ग्रासणाऱ्या शंभराहून अधिक आजारांचे ते ढोबळ नाव आहे, आणि या आजारांवरील वैद्यकीय संशोधनाचा विचार करताना कोणते नवे औषध आले याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा असतो की, हे आजार नेमके कोणाला, किती प्रमाणात आणि कोणत्या वस्तीत होतात हे कोणी मोजले आहे काय. औषध कंपन्यांना ही मोजणी करण्याची निकड भासत नाही, कारण औषध ज्याला परवडते असा रुग्ण आपण होऊन रुग्णालयात पोहोचतो; जो पोहोचत नाही त्याचा आजार कोणत्याच नोंदवहीत येत नाही. महाराष्ट्रात ही मोजणी शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम झाली ती पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर, उजनी जलाशयाच्या फुगवट्यालगत वसलेल्या भिगवण या गावी, १९९६ साली. ती करणारी संस्था पुण्यातील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेस, आणि तिचे नेतृत्व करणारे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा.

या मोजणीचा आराखडा भिगवणात जन्मला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्याचा उद्देश विकसनशील देशांतील वस्त्यांमध्ये जाऊन, महागड्या तपासण्यांवर फारसे न विसंबता, सांध्यांच्या आजारांचे प्रमाण शोधणे आणि मिळालेल्या माहितीच्या आधारे तेथेच उपाय उभे करणे हा होता. फिलिपाइन्स आणि इंडोनेशिया येथे आरंभीच्या पाहण्या झाल्या. कार्यक्रमाचे तीन टप्पे कल्पिलेले होते: पहिल्यात मोजणी, दुसऱ्यात लोकांचे व स्थानिक आरोग्यसेवकांचे शिक्षण, तिसऱ्यात आजाराची कारणे आणि प्रतिबंधाचे मार्ग यांचा शोध. पुष्कळ देशांत काम पहिल्या टप्प्यावरच थांबले, कारण आकडे गोळा करून निबंध छापणे हे गावात वर्षानुवर्षे टिकून राहण्यापेक्षा सोपे असते. भिगवणचे वेगळेपण येथेच आहे. पाहणी संपल्यावर पथक गावाकडे पाठ फिरवून गेले नाही, तर त्याने तेथे रुग्णतपासणी आणि पाठपुरावा चालू ठेवला.

पाहणीची पद्धत वरवर साधी दिसते, पण तिच्यातील प्रत्येक पायरी विचारपूर्वक बांधलेली आहे. प्रशिक्षण दिलेले गावातीलच स्वयंसेवक घरोघरी जातात आणि प्रत्येक प्रौढ व्यक्तीला विचारतात की, गेल्या सात दिवसांत किंवा त्याआधी कधी सांध्यांत, स्नायूंत वा हाडांत दुखले, सुजले किंवा आखडले काय. हा प्रश्न शब्दांवर सोडलेला नसतो. मानवी आकृतीची पुढून व मागून काढलेली रेखाटने समोर धरून दुखणाऱ्या जागा त्यांवर खुणेने दाखवायला सांगितल्या जातात, त्यामुळे अक्षरओळख नसलेली वृद्ध स्त्रीसुद्धा आपली कंबर, आपला गुडघा, आपल्या बोटांची पेरे अचूक नोंदवू शकते. ज्यांनी ‘हो’ म्हटले त्यांना पुढील टप्प्यात सविस्तर प्रश्नावली दिली जाते, ज्यात दुखण्याची मुदत, आजवरचे उपचार आणि रोजच्या कामांतील अडचण यांची विचारणा असते. अखेरीस संधिवाताची जाण असलेला डॉक्टर त्यांना तपासून निदान ठरवतो. हे तिन्ही टप्पे एकामागून एक न करता समांतर चालवण्याची रीत भिगवणात बसवली गेली आणि ती पुढे ‘भिगवण प्रतिमान’ म्हणून इतर पाहण्यांत वापरली गेली, कारण प्रश्न आणि तपासणी यांत फार दिवस गेले तर दुखणे ओसरते, माणूस कामाला निघून जातो आणि नोंद अर्धवट राहते.

कार्यक्षमता मोजणाऱ्या प्रश्नावल्या पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या होत्या आणि त्यांत न्हाणीच्या टबात उतरता येते का, अशा स्वरूपाचे प्रश्न असत. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसून शौचविधी उरकणे, जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणे या गोष्टी भारतीय माणसाच्या दिवसाचा कणा असल्यामुळे त्यांचा समावेश केल्याशिवाय ‘किती अपंगत्व आले’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही, हे ओळखून प्रश्नावलीचे मराठीत व भारतीय जीवनात रूपांतर केले गेले. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकत असेल तर खुर्चीवर बसणाऱ्याला फारसे अडत नाही, पण चुलीपुढे बसून भाकरी थापणारीचा दिवस तेवढ्याने भागत नाही.

भिगवणात ४०९२ प्रौढांची पाहणी झाली आणि त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. त्यांत सर्वांत मोठा वाटा सांध्यांच्या झिजेचा, मऊ ऊतींच्या दुखण्याचा आणि ज्यांना पुस्तकातील कोणतेच नाव बसत नाही अशा अंगदुखीचा होता. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला मराठीत आमवात म्हणतात, सुमारे अर्धा टक्का प्रौढांत सापडला. अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो, परंतु दर दोनशे प्रौढांत एक असा त्याचा अर्थ आहे, आणि हा आजार बहुधा ऐन उमेदीच्या वयातील स्त्रियांना गाठतो. झिजेच्या आजारात सांध्यातील हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरत जाते. आमवातात मात्र शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, अस्तर सुजते, जाड होते आणि उपचार न झाल्यास हाड कुरतडते. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली राहणे, दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजणे आणि हे सहा आठवड्यांहून अधिक टिकणे, ही त्याची ठळक चिन्हे होत. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर हाडांचे नुकसान बव्हंशी टळते. म्हणूनच मोजणीला नुसत्या आकडेवारीपलीकडे मोल आहे, कारण ज्या गावात आमवाताचा रुग्ण ओळखणारे कोणी नाही तेथे हे महिने गुडघ्याला तेल चोळण्यात आणि वेदनाशामक गोळ्या घेण्यात निघून जातात.

आमवाताच्या संशोधनात रुग्ण बरा होतो आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत विश्वासार्ह साधने अजूनही डॉक्टरांच्या हातात आहेत, आणि हे शब्दशः खरे आहे. दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, तळहाताला जोडणारे बोटांचे दहा सांधे, बोटांच्या मधल्या पेरांचे दहा सांधे आणि दोन गुडघे, असे २८ सांधे तपासणारा एकेक करून अंगठ्याने दाबतो, आणि तो दाब इतकाच असतो की त्याच्या स्वतःच्या नखाचा रंग फिकट पडावा. किती सांधे दुखले, किती सुजले, रक्तातील दाहदर्शक चाचणी काय सांगते आणि रुग्णाच्या मते त्याची प्रकृती कशी आहे, या चार गोष्टींतून एक गुणांक निघतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो येथील चाचणीने दाखवून दिले की, असा गुणांक दर महिन्याला पाहून औषधे वाढवत गेले तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा फार अधिक रुग्णांचा आजार शांत होतो. नवे औषध न शोधताही उपचाराची फलनिष्पत्ती बदलते, हे सिद्ध करणारे ते संशोधन होते, आणि गरीब देशासाठी त्याचे महत्त्व कोणत्याही नव्या इंजेक्शनपेक्षा कमी नाही.

आमवाताचे आधारभूत औषध मेथोट्रेक्सेट हे आहे, जे मुळात कर्करोगासाठी वापरले जाई. १९८० च्या दशकातील चाचण्यांनंतर अल्प मात्रेत ते आमवातासाठी मान्य झाले आणि आज भारतात अतिशय स्वस्तात मिळते. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते; रोजची गोळी समजून ते रोज घेतले गेल्यास रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते, त्यामुळे चिठ्ठीवर वाराचे नाव ठळक लिहिणे ही या उपचारातील सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित काळजी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाह घडवणाऱ्या टीएनएफ नावाच्या रेणूला अडवणारी जैविक औषधे आली आणि त्यांनी अनेकांचे आयुष्य पालटले, पण त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. त्यानंतर पेशीच्या आतील संदेशवहन थोपवणारे टोफासिटिनिब हे तोंडावाटे घ्यावयाचे औषध आले. भारतात त्याच्या देशी आवृत्त्या स्वस्त मिळू लागल्याने त्याचा वापर वाढला. त्याच सुमारास, २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशीपुढील आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या ४३६२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, टीएनएफरोधकांच्या तुलनेत या औषधावर हृदयविकार व कर्करोग यांचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. स्वस्त झालेले औषध आपोआप सुरक्षित होत नाही, आणि ज्या देशात ते दुकानातून सहज हाती पडते तेथे ही बाब अधिक गांभीर्याने घ्यावी लागते.

पुण्याच्या केंद्राने भिगवणच्या मोजणीतून निघालेला दुसरा प्रश्नही हाती घेतला. आढळलेल्या रुग्णांपैकी पुष्कळजण आयुर्वेदिक औषधे घेतच असतात. मग ती खरोखर उपयोगी पडतात का, हे आधुनिक चाचणीच्या कसोटीवर का पाहू नये? वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय प्रकल्पातून, पुण्यासह अनेक शहरांच्या सहभागाने, गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. सुंठ, गुळवेल, आवळा यांच्यावर आधारलेल्या, एकात शल्लकीची जोड असलेल्या सूत्रांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी केली गेली. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले, आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ते कळू दिले नाही, कारण मनात आशा किंवा शंका असली की दुखण्याची मोजणी बदलते. चाचणीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला: आयुर्वेदिक सूत्रे या औषधांशी समतुल्य ठरली. त्याच निबंधात हेही नोंदवले होते की, आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताच्या एका चाचणीत, लक्षणे नसतानाही, वाढ आढळली.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधपणा हवा. ग्लुकोसामाइन स्वतःच फारसे प्रभावी नाही, असे अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले होते, म्हणून त्याच्याशी बरोबरी होणे हे फार मोठे प्रशस्तिपत्र नव्हे. सेलेकॉक्सिबशी बरोबरी मात्र खरोखर विचारात घेण्याजोगी आहे. आमवातातही एका आयुर्वेदिक सूत्राची तुलना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनशी झाली आणि परिणाम जवळपास सारखे निघाले, पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे सौम्य औषध असल्याने त्यावरून मेथोट्रेक्सेट सोडून देण्याचा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. यकृताच्या नोंदीसकट सर्व काही छापण्याचा प्रामाणिकपणा हीच या चाचणीची खरी देणगी होय, कारण देशी औषध निरुपद्रवीच असणार हा समज रुग्णांमध्ये खोल रुजलेला आहे, आणि नाव नसलेल्या पुड्यांतून स्टिरॉइड दिले जाण्याचे प्रकारही घडत आले आहेत.

मोजणीची सवय असलेल्या पथकाला संकटकाळी काय करता येते हे चिकुनगुनियाने दाखवले. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती; त्यानंतर तीन दशकांनी, २००६ मध्ये, तो देशभर परतला. डासांवाटे पसरणाऱ्या या विषाणूमुळे ताप उतरल्यावरही सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात, काहींमध्ये तर आमवातासारखे चित्र दिसते. आधीच प्रश्नावली, प्रशिक्षित माणसे आणि गावकऱ्यांचा विश्वास असल्यामुळे केंद्राला या सांधेदुखीचा अभ्यास वेळ न दवडता हाती घेता आला.

जगात आज या क्षेत्रात मोठ्या घडामोडी होत आहेत. जर्मनीतील एर्लांगेन येथे, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणारा आजार) असलेल्या पाच रुग्णांना त्यांच्याच प्रतिकारपेशी जनुकीय बदल करून परत दिल्या गेल्या आणि आजार शांत झाला. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनने लठ्ठ रुग्णांच्या गुडघेदुखीत लक्षणीय घट दाखवली. केरळमधील कोची येथील संशोधकांनी कोविडकाळात विचारलेला प्रश्न मात्र भारतीय रुग्णाचा होता: लस घेतल्यावर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवले तर लसीचा परिणाम वाढतो का? चाचणीतून उत्तर ‘होय’ असे आले, आणि त्यासाठी नवे औषध लागले नाही.

भिगवणच्या कामाचा प्रकाश उल्हासनगरसारख्या शहरावर पाडून पाहिल्यास कितीतरी प्रश्न उभे राहतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिल्या गेल्या, त्यांतून पाच कॅम्पांचे हे शहर वाढले आणि जीन्सशिलाईचे मोठे केंद्र बनले. कॅम्प ४ मध्ये लालचक्की, व्हीनस चौक, सुभाष टेकडी यांच्या दाट वस्तीत सिंधी, मराठी आणि हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात, आणि शिलाईचे काम घरातही चालते. तासन्‌तास मशीनवर मान वाकवून बसणारी, जाड कापड बोटांनी ओढत नेणारी कामगार स्त्री बोटे सुजल्याची तक्रार करू लागली, तर तो कामाचा थकवा मानला जाणे स्वाभाविक आहे, आणि नेमके असेच आमवाताचे पहिले महिने वाया जातात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाखांहून अधिक होती. त्यांपैकी साडेतीन लाख प्रौढ धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर आमवाताचे रुग्ण दीड हजारांहून अधिक निघतात. शहरात हे प्रमाण खेड्यापेक्षा कमी असू शकते; ते निम्मे धरले तरी शेकड्यांची ही संख्या केवळ विठ्ठलवाडीहून लोकल पकडून परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत जाऊ शकणाऱ्यांवर सोडण्याजोगी नाही. या वस्तीत पाहणी करायची झाल्यास प्रश्नावली सिंधीतही लागेल, घरी शिवणाऱ्या स्त्रिया दुपारी कामावरून उठू शकत नाहीत म्हणून भेटीच्या वेळा सांजेच्या ठेवाव्या लागतील, उकिडवे बसता येते का या प्रश्नाशेजारी सुईत दोरा ओवता येतो का हाही प्रश्न घालावा लागेल, आणि ज्यांच्या बोटांवर सूज आढळेल त्यांना त्याच आठवड्यात तपासणारा डॉक्टर कॅम्पातच बसवावा लागेल.