एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स, पण वाटणी करताना डेटा जातो कुठं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये नाही. मग अनेकांना उबंटू आठवतं. पण टॅली आणि गेम्समुळं विंडोजही सुटत नाही. अशा वेळी कामी येतं ड्युअल बूट.

वडिलोपार्जित घरात भिंत घालून दोन बिऱ्हाडं करतात, तसंच हे. प्रत्येक हिस्सा म्हणजे पार्टिशन. कुणाचा हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद पार्टिशन टेबलमध्ये असते. ड्राइव्हचा सातबाराच म्हणा ना!

जागा विंडोजमधूनच काढायची. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. उबंटूला २५ जीबी पुरतात, पण ५० दिलेले बरे. गंमत इथं होते. ड्राइव्हवर १०० जीबी रिकामे दिसत असले तरी विंडोज कधीकधी दहा-पंधराच सोडतं. कारण हायबरनेशन फाइल किंवा पेजफाइल जागची हलत नाही. ती मध्येच बसली असेल तर वाटणी तिथंच अडते. या गोष्टी तात्पुरत्या बंद करून रिस्टार्ट केलं की बहुतेक वेळा जागा सुटते. ती 'अनअलोकेटेड'च राहू द्या.

खरा धोका वेगळाच आहे. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर एन्क्रिप्शन आपोआप सुरू असतं. बूटमध्ये काही बदललेलं दिसलं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर फोटो, फायनल इयरचा प्रोजेक्ट, सगळं कुलपात. की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, ती आधीच कागदावर उतरवून घ्या. बॅकअपही बाहेरच्या हार्ड डिस्कवरच घ्या. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर घेतलेल्या बॅकअपला काही अर्थ नाही.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' दिसेल. तो पर्याय वाटणी करत नाही, अख्खं घर पाडतो. आपल्याला हवा तो विंडोजसोबत इन्स्टॉल करण्याचा पर्याय.

एवढं करूनही दोन्ही शेजारी कायम गुण्यागोविंदानं नांदतील असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट मशिन्सवर लिनक्स सुरूच होईना.

आणि हो, लिनक्समधून परतल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. 'सिंक नाऊ' दाबलं की तात्पुरतं जुळतं.