परदेशी कापड व आमचे लहान व्यापारी

परभणी, सेलू व मानवत येथील बाजारांत कापसाच्या गाड्या रित्या होतात, आणि त्याच गावांच्या दुकानांत परदेशी शिवलेले सदरेही दिसतात. या देवघेवीत आमच्या लहान व्यापाऱ्याचा वाटा कोणता? घाऊक पेढीवरून उधारीने माल उचलण्याचा! वास्तविक पॅन व बँकेचे खाते असणाऱ्यास आयात-निर्यातीचा क्रमांक ५०० रुपये शुल्कात मिळतो. २०११ साली भारताने बांगलादेशच्या ४६ वस्त्रप्रकारांवरील जकात उठविली. पुढे १७ मे २०२५ रोजी तेथील तयार कपड्यांस खुष्कीचा मार्ग बंद करून न्हावा-शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेविली. म्हणजे एक दार आपल्याच राज्यात आले. परंतु ज्यास ही वार्ताच नाही, त्यास ते असून नसल्यासारखे.

कोणी म्हणतील, हा स्वदेशीचा द्रोह होय. आम्हांस तसे वाटत नाही. खरा द्रोह बिलाशिवाय माल घेण्यात व गिऱ्हाइकापासून त्याचे मूळ लपविण्यात आहे. एकट्या दुकानदारास कंटेनरभर माल झेपत नाही, हे खरे. म्हणून दहाजणांनी मिळून मंडळी काढावी, जकातीचे कागद जाणणारा एक तरुण तयार करावा, आणि नफ्याचा काही अंश येथील शिलाईच्या धंद्यात घालावा. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याने सदैव दुसऱ्याने शिवलेलेच अंगात घालावे, हे आम्हांस मुळीच पसंत नाही.