पहिला आठवडा कोण सांभाळतं?

पाऊस स्थिरावला की महाराष्ट्रात फ्लूचा हंगाम सुरू होतो आणि दवाखान्यांतल्या बाकांवर जागा उरत नाही. या दिवसांत वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी एक फार मोलाचा आहे. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, असं शाळेत शिकवतात. फ्लूचा विषाणू तर पेशीत शिरल्यावर आठ-दहा तासांत पुढची पिढी बाहेर सोडू लागतो. या हिशोबाने प्रतिपिंडं येईपर्यंत श्वसनमार्गात काही शिल्लकच राहायला नको. तरीही बहुतेक माणसं चार-पाच दिवसांत अंथरुणातून उठतात. मग मधल्या काळात कोण सांभाळतं?

उत्तराचा मोठा भाग १९५७ साली लंडनजवळच्या मिल हिल इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये सापडला. एका विषाणूची लागण झालेल्या प्राण्याला दुसरा विषाणू सहसा बाधत नाही, हे त्याआधीच ठाऊक होतं. फिंडले आणि मॅकलम यांनी १९३७ मध्येच माकडांवर हे दाखवलं होतं. पण कारण कळत नव्हतं. पहिला विषाणू दुसऱ्याची वाट अडवतो का?

ग्लासगोचे ॲलिक आयझॅक्स आणि झुरिकहून काही काळासाठी आलेले तरुण जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीची अंडी घेतली. गर्भाभोवतीच्या पटलाचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले, मग धुऊन स्वच्छ द्रवात टाकले. काही तासांनी तुकडे काढून घेतले आणि उरलेला द्रव ताज्या पटलावर घातला. त्या ताज्या पटलावर जिवंत विषाणू वाढेना. म्हणजे विषाणूशी गाठ पडलेल्या पेशींनीच द्रवात काहीतरी सोडलं होतं, आणि ते दुसऱ्या पेशींचं रक्षण करत होतं. त्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच सापडतो.

इथे आणखी दोन नावं घ्यायलाच हवीत. टोकियोच्या यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्येच सशांवरच्या प्रयोगांतून विषाणूला रोखणारा असा घटक नोंदवला होता. त्यांचे निबंध फ्रेंच भाषेतल्या नियतकालिकात आले, त्यामुळे इंग्रजी जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. आजही अनेक पाठ्यपुस्तकं ही कथा थेट १९५७ पासून सुरू करतात.

हा रेणू करतो काय? वाडीत एका घराला आग लागली की त्या घरातली माणसं आधी हाक मारतात. त्यांचं घर बहुधा वाचत नाही, पण हाक ऐकून शेजारी आपल्या छपरावरचं गवत भराभर उतरवतात आणि आगीला पुढे जायला काही उरत नाही. बाधित पेशी इंटरफेरॉन सोडते तेव्हा असंच घडतं. शेजारच्या पेशींमध्ये शेकडो जनुकं जागी होतात. त्यांतली काही प्रथिनं विषाणूचा आरएनए तोडणारी यंत्रणा चालू करतात, काही त्याला आत शिरू देत नाहीत. काही तर पेशीचं स्वतःचं प्रथिननिर्मितीचं कामच थांबवतात. छप्पर उतरवलेल्या घरात पावसाळा काढता येत नाही, तसं ही अवस्थाही पेशीला फार दिवस परवडत नाही.

मुळात आग लागल्याचं कळतं कसं, हेही उलगडलं आहे. आपली पेशी आपल्या संदेशवाहक आरएनएचं एक टोक झाकून ठेवते. फ्लूच्या विषाणूच्या आरएनएचं टोक उघडं असतं. ताकाशी फुजिता यांच्या जपानमधल्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की रिग-आय नावाचं प्रथिन पेशीत शिरलेला परका आरएनए हेरतं. ते नेमकं हे उघडं टोक ओळखतं, हे पुढच्या दोन वर्षांत स्पष्ट झालं. या ओळखीसाठी आधी भेट झालेली असावी लागत नाही. ही क्षमता आपण जन्मतः घेऊन येतो.

फ्लूमधली कणकण, अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं बरंचसं विषाणूचं थेट काम नसतं, ते इंटरफेरॉनमुळे होतं. हेपॅटायटिस सी या आजारावर अनेक वर्षं इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात. त्या रुग्णांना फ्लूची लागण नसतानाही थंडी वाजून ताप येई आणि अंग ठणके.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. फ्लूच्या विषाणूकडे एनएस-१ नावाचं प्रथिन असतं आणि इंटरफेरॉनची हाक दाबणं हे त्याचं मुख्य काम. प्रयोगशाळेत हे प्रथिन काढून टाकलं, तर तोच विषाणू इंटरफेरॉन बनवू शकणाऱ्या पेशींमध्ये नीट वाढत नाही.

लिंडेनमान यांचं नाव बहुतेक लेखांत १९५७ नंतर दिसत नाही, आणि हा मोठा अन्याय आहे. १९६२ मध्ये त्यांनी नोंदवलं की ए-टू-जी या जातीचे उंदीर, इतर उंदरांना मारून टाकणारी फ्लूची मात्रा सहज पचवतात. या प्रतिकारामागे एमएक्स नावाचं एकच जनुक निघालं. ओटो हालर आणि लिंडेनमान यांच्या गटाने १९७९ मध्ये या उंदरांमधलं इंटरफेरॉन प्रतिपिंडांनी निकामी केलं, तेव्हा त्यांचं संरक्षणही गेलं. पुढे कळलं की प्रयोगशाळांतल्या बहुसंख्य उंदरांमध्ये हे जनुक मोडकंच असतं. म्हणजे कित्येक दशकं जगभर फ्लूचा अभ्यास झाला तो फ्लूविरुद्धचं एक प्रमुख हत्यार नसलेल्या प्राण्यांवर! माणसातही या जनुकाचा भाऊबंद आहे. चीनमध्ये एच-७-एन-९ बर्ड फ्लू झालेल्या काही रुग्णांमध्ये त्याची निकामी रूपं सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

१९८० मध्ये झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने जिवाणूंकडून मानवी इंटरफेरॉन बनवून घेतलं आणि वर्तमानपत्रांनी कर्करोगावरचा रामबाण उपाय जाहीर करून टाकला. तसं झालं नाही. काही प्रकारच्या ल्युकेमियात आणि हेपॅटायटिसमध्ये त्याचा उपयोग झाला, इतकंच. सर्दीवरही प्रयोग झाले. लागण होण्याआधी नाकात फवारलेलं इंटरफेरॉन सर्दी रोखत असे, पण सुरू झालेल्या सर्दीवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. शिवाय बरेच दिवस फवारल्यास नाक चोंदे आणि नाकातून रक्तही येई.

वेळेचा हा धडा कोविडमध्ये पुन्हा गिरवावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना इंटरफेरॉन दिलं गेलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. भारतात एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, झायडसच्या विराफिन या इंटरफेरॉनला मध्यम आजारासाठी आपत्कालीन परवानगी मिळाली. याउलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लक्षणं सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत, लॅम्डा प्रकारच्या इंटरफेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं होतं. त्या गटातल्या २.७ टक्के रुग्णांना रुग्णालयाची गरज पडली, इंटरफेरॉन न मिळालेल्या गटातल्या ५.६ टक्के. आग वाडीभर पसरल्यावर छपरं उतरवून उपयोग नसतो.

या सगळ्यात धक्कादायक शोध २०२० चा आहे. जाँ-लॉराँ कासानोव्हा यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जीवघेणा कोविड झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांतल्या १०१ जणांमध्ये स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित लागण झालेल्या ६६३ जणांत असं एकही उदाहरण नव्हतं. पुढच्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या सुमारे ४ टक्के निरोगी लोकांमध्ये ही प्रतिपिंडं आढळली. एरवी यांना कसलाही त्रास नसतो.

औषधांच्या दुकानांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगणाऱ्या बाटल्या रांगेने उभ्या असतात. या रुग्णांच्या बाबतीत त्या दाव्याला अर्थच उरत नाही. त्यांची प्रतिपिंडं भरपूर होती, फक्त चुकीच्या रेणूवर रोखलेली होती. अशा माणसाला नेहमीच्या तपासणीत ओळखता येत नाही. त्यामुळे वयस्कर लोकांसाठी दरवर्षीची फ्लूची लस अधिक महत्त्वाची ठरते. तिने धोका शून्यावर येत नाही, पण विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं पहिल्या दिवसापासून हजर असतात आणि सगळा भार एकट्या इंटरफेरॉनवर पडत नाही.