राग लाखोंचा, कट मोजक्यांचा
राजकीय हिंसेचे गुन्हेशास्त्र : लेखांक 5

दहशतवाद कशातून येतो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे असतात: धर्मांधता किंवा अन्याय. दोन्ही खोटी नाहीत. पण अन्यायाची चीड लाखोंना असते, कडवी भाषणे हजारो ऐकतात आणि त्यांतले बहुतेक सगळे मुकाट घरी जातात. गुन्हेशास्त्राला रस आहे तो उरलेल्या मोजक्यांत: त्यांना साथीदार कुठे भेटले, हत्यार कुणी पुरवले, गाडी कुणाची होती?

औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण (शहराचे नाव बदलले, खटल्याचे तेच राहिले) या दृष्टीने पाहावे. मे 2006 मध्ये एटीएसने चांदवड-मनमाड रस्त्यावर पाठलाग करून टाटा सुमो पकडली. तीत 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47 आणि 3,200 काडतुसे सापडली; पुढच्या तपासात साठा 43 किलो आरडीएक्स आणि 16 रायफलींवर गेला. सोबतच्या इंडिकातला गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल निसटला, तो 2012 मध्ये सौदी अरेबियातून आणला गेला. गुजरात दंगलींचा सूड हा कटाचा हेतू विशेष न्यायालयाने मान्य केला. पण सूडाची भावना महामार्गावर अडवता आली नसती. सुमो अडवता आली. गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क आणि ग्रेम न्यूमन यांनी 2006 मध्येच पुस्तक लिहून हेच मांडले: लक्ष्य, शस्त्र, साधने आणि अनुकूल परिस्थिती या चारांवर घाव घाला.

यावर आक्षेप असा, की मग विचारसरणी निर्दोष सुटते. तसे नाही. मारायचे कुणाला, हे तीच ठरवते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झाला. त्यात जन्मठेप झालेले दोन्ही मारेकरी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले, आणि त्यांची विचारसरणी शस्त्रसाठा प्रकरणातल्या आरोपींच्या नेमकी उलट टोकाची. तरी लागले तेच: विश्वासू माणसांचे छोटे कोंडाळे, हत्यार, वाहन. विचार बदलला, गरजा बदलल्या नाहीत. म्हणून एखाद्या समाजाकडे बोट दाखवून तपास पुढे सरकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कडक कायद्याशिवाय हे थांबत नाही. शस्त्रसाठा खटल्यात मोक्का टिकला नाही. तरीही 2016 मध्ये 22 पैकी 12 आरोपी दोषी ठरले आणि सात जणांना जन्मठेप झाली. ज्याखाली शिक्षा झाली तो यूएपीए कमी कडक आहे असे कुणी म्हणणार नाही, पण शिक्षा टिकवली ती पकडलेल्या मालाने. निकालाला मात्र दहा वर्षे लागली. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री आणि तत्परता गुन्हा रोखते, हे इटालियन विचारवंत बेकारियाने 1764 मध्येच लिहून ठेवले होते. खात्रीच्या बाबतीत आपण अजून कच्चे आहोत: दाभोलकर खटल्याचा निकाल 10 मे 2024 रोजी लागला तेव्हा न्यायालयाने स्पष्ट नोंदवले, की खुनामागचे सूत्रधार शोधण्यात तपास यंत्रणा अपयशी ठरल्या.