धमनी म्हणजे नळ नव्हे

अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झाले तेव्हा बाबांनी परस्पर स्टॅटिनची गोळी बंद केली. ‘‘नळातला गाळ काढला ना? मग आता गोळी कशाला?’’ चूक त्यांची नव्हती. नळाची उपमा आपण सगळेच देतो. मी पेशीजीवशास्त्र शिकवतो, तरी त्यांना समजावताना मीही तीच दिली होती.

पण गाळच असता, तर तो धमनीला फाटा फुटतो तिथेच अधिक का साचावा? धमनीच्या आत पेशींचे एकपदरी अस्तर असते आणि त्या पेशींना प्रवाह जाणवतो. सरळ भागात रक्त एकाच दिशेने घासत जाते, तोवर त्यांच्यातले केएलएफ-२ हे प्रथिन त्यांना शांत ठेवते. फाट्यापाशी प्रवाह घोटाळतो आणि ही शांतता ढळते. तिथेच एलडीएलचे कण भिंतीत शिरून अडकतात, बिघडतात. मग एनएफ-कप्पा-बी हा निरोप्या सुटतो. एरवी एक प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवते. ते नष्ट झाले की तो आत शिरून दाहाची जनुके चालू करतो. पेशीच्या पृष्ठभागावर व्हीकॅम-१ हे चिकट प्रथिन येते, रक्तातल्या मोनोसाइट त्याला धरून भिंतीत उतरतात आणि मॅक्रोफेज होऊन कोलेस्टेरॉल गिळू लागतात.

सामान्य पेशी पुरेसे मिळाले की एलडीएलचे ग्राही कमी करते. हा शोध ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचा. १९८५चे नोबेल त्यांना मिळाले. बिघडलेले एलडीएल उचलणाऱ्या मॅक्रोफेजच्या ग्राहींना मात्र हा लगाम नाही. खाऊन खाऊन पेशी फेसाळतात, त्यांच्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात, त्यातून इंटरल्यूकिन-१-बीटा सुटते आणि आणखी पेशींना बोलावणे जाते.

हे बोलावणेच अडवले तर? २०१७ साली कॅन्टोस चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर हे पाहिले गेले. एलडीएल तेवढेच राहिले, तरी मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. जंतूंशी लढायलाही तोच निरोप लागतो.

नंतर स्वस्त, जुने कोल्चिसिन पुढे आले. २०२०च्या एका चाचणीत त्याने चांगला फायदा दाखवला. २०२४च्या मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच देऊनही, तो दिसला नाही. प्रश्न मिटलेला नाही. एलडीएल कमी करणे मात्र या साखळीच्या मुळाशीच घाव घालते, म्हणून स्टॅटिन.

हे सगळे ऐकल्यावर बाबांनी विचारले, ‘‘कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीत असतं तेच ना? मग कंद उगाळून...’’ मी जवळजवळ ओरडलोच. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळी फुलणारी ती वेल देखणी असली, तरी तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. हृदयासाठी दिली जाणारी गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते.

दुसऱ्या दिवसापासून स्टॅटिन पुन्हा सुरू झाले. कंदाचा विषय अजून अधूनमधून निघतो.