निसण्याची निगा

वस्तऱ्याची धार हें पोलादाचें काम खरें. पण तिचें अर्धें श्रेय निसण्याचें असतें. सुश्रुतानें शस्त्रें पाजळण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला आणि धार स्थिर करण्यास सांवरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. निसणा आणि चामड्याचा पट्टा हे तेंच काम करितात.

आमच्या वाशीमकडे दगडाला तोटा नाहीं. परंतु हा काळा पाषाण पुष्कळदां सच्छिद्र असतो, व त्याच्या पोकळ्यांत गारेचे कण सांपडतात. असा एकच कण धारेवर ओरखडा पाडतो. म्हणून दगड बारीक, एकजिनसी कणांचाच हवा.

दुसरी गोष्ट सपाटीची. घरची सहाण झिजून खोल झाली तरी गंध उगाळतां येतें. खोलगट निसण्यावर मात्र वस्तरा सरळ टेकत नाहीं. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक खोलगट व दुसरा फुगीर होण्याचा संभव. यासाठीं तीन दगड घ्यावे, आणि पाणी व बारीक वाळू घालून, आळीपाळीनें जोड्या बदलीत घासावे. वर पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा ओढाव्या. त्या सर्वत्र सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे सपाटी साधली. मग कडा किंचित् गोल करून वाळूचा कण न् कण धुऊन काढावा, व शेवटीं नुसत्या पाण्यांत घासून पृष्ठभाग मऊ करावा.

बदलत्या पात्यांचा जमाना आल्यापासून ही विद्या जाणणारे नाभिक थोडेच उरले. तेव्हां माळ्यावर आजोबांचा निसणा सांपडल्यास त्यावर विळी घासूं नये. एखाद्या वृद्ध कारागिराकडून तो नीट करून घ्यावा, आणि शेजारीं बसून पाहून ठेवावें.