बेलचा आवाज वाढवून भागत नाही

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात हजारो खानदेशी कामगारांची उमर यंत्रमागांच्या खडखडाटात गेली आहे. लूमच्या शेडमध्ये आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर असतो, आणि कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीला मर्यादाच ९० डेसिबलची आहे. या गोंगाटाने कान एकदम बंद पडत नाहीत. आधी जातात ते ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे बारीक आवाज. जाड आवाज पुढे कित्येक वर्षे कळतात. त्यामुळे ‘बाबांना ऐकू येतं, ते लक्षच देत नाहीत’ हा घरच्यांचा समज चुकीचा आहे आणि त्या माणसावर अन्याय करणाराही.

बेल मोठी केली की झाले, हेही तितकेच चूक. धुराच्या अलार्मची शिट्टी साधारण ३,००० हर्ट्‌झची, म्हणजे नेमकी कान कमजोर झालेल्या पट्ट्यातली असते. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांवर झोपेत प्रयोग केले. २००७ साली आलेले निष्कर्ष असे : नेहमीच्या शिट्टीने ५६ टक्के जागे झाले, ५२० हर्ट्‌झच्या जाड आवाजाने ९२ टक्के. लुकलुकता दिवा पुरेसा वाटतो, पण त्याने जेमतेम २७ टक्के उठले. गादीखाली थरथरणाऱ्या यंत्राने मात्र सुमारे ८० टक्के.

‘कानात मशीन आहे ना!’ असे म्हणणाऱ्यांनी एवढेच आठवावे, की झोपताना मशीन काढून ठेवलेली असते.

असे थरथरणारे सर्किट घरी जमते. माइक आणि एलएम३९३ चिप बसवलेली तयार पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. तिच्यावर एक इवलासा स्क्रू असतो. खोली शांत असताना आवाजाचा दिवा जेमतेम विझेल इतपत तो फिरवायचा, मग बेल वाजवून बघायची. बेल क्षणभरच वाजते, म्हणून पुढे ५५५ टायमर लागतो : १ मेगाओम आणि १० मायक्रोफॅरडची जोडी मोटर ११ सेकंद चालू ठेवते. मोटरला ट्रान्झिस्टर हवा आणि उलटा जोडलेला डायोडही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ही पट्टी बेल ओळखत नाही, फक्त आवाज किती मोठा एवढेच बघते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारचा लूम, सगळ्यांना ती सारखीच दाद देते. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून माणूस शेवटी यंत्र बंद करतो. म्हणून माइक बेलला अगदी चिकटून लावावा. आवाज ओळखण्याची सोय २०२० पासून आयफोनमध्ये आहे. मात्र धोक्याच्या प्रसंगी तिच्यावर विसंबू नका, असे ॲपलच सांगते.

घरच्या सर्किटचेही तसेच. ते दारावरच्या बेलसाठी ठीक, आगीसाठी प्रमाणित अलार्मच घ्या. २३० व्होल्टच्या तारांना हात न लावता ते ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालवा, आणि ज्यांच्यासाठी बनवले त्यांना झोपेतून खरोखर जाग येते का, हे एका रात्री तपासून बघा.